दावेदार की तोतया?

इंग्लंडच्या इतिहासात बापलेकांची एक जोडी अशी आहे, की ती स्वतःच्या नावापेक्षा दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावानेच अधिक ओळखली जाते. बाप ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि लेक ‘यंग प्रिटेंडर’. ही नावे मराठीत सांगावयाची म्हटली, की सांगणारा पहिल्याच पावलाला अडखळतो. ‘ओल्ड’चे ‘म्हातारा’ करावे, तर या गृहस्थाला ‘प्रिटेंडर’ हे नाव पडले तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस होते. पुढे मुलगाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला, तेव्हा दोघांत फरक करण्यासाठी बाप ‘ओल्ड’ झाला. म्हणजे आपण ‘थोरले बाजीराव’ म्हणतो तशातलाच हा प्रकार. ‘ओल्ड’ म्हणजे थोरला आणि ‘यंग’ म्हणजे धाकटा. इतके सहज सुटते.

खरी अडचण पुढच्या शब्दात आहे. ‘प्रिटेंडर’ म्हणजे काय? कोश उघडावा तर त्यात ढोंगी, तोतया आणि हक्क सांगणारा असे तिन्ही अर्थ शेजारीशेजारी मांडलेले आढळतात. पण माणूस तोतया असेल, तर त्याला हक्क कसला? आणि त्याचा हक्क खरा असेल, तर तो तोतया कसा? ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात, त्या एका शब्दात सुखाने नांदतात कशा? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात थोडे आहे आणि इतिहासात फार आहे. एका राजपुत्राचे राज्य गेले ते सैन्याच्या बळावर. पण ते परत मिळू नये, या कामी एका क्रियापदाच्या रूपांनी जी चाकरी बजावली, तिची ही हकीकत आहे.

शब्दाचे कूळ

‘प्रिटेंड’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणे, पसरणे. या ‘टेंडेरे’चे आणि आपल्या संस्कृत ‘तन्’ धातूचे मूळ एकच. आपला तंतू आणि गवयाची तान यांचे इंग्रजांच्या ‘टेंट’शी, म्हणजे ताणून उभारलेल्या राहुटीशी, असे दूरचे चुलतनाते लागते. तेव्हा ‘प्रिटेंड’चा मूळ अर्थ एवढाच, की एखादी वस्तू पुढे पसरणे, पुढे धरणे.

आता पुढे धरण्याची वस्तू दोन तऱ्हेची असू शकते. अर्ज पुढे धरता येतो आणि पडदाही पुढे धरता येतो. अर्ज धरला तर तो दावा झाला. पडदा धरला तर तो बहाणा झाला. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपण ‘त्याने आपला हक्क पुढे केला’ असे म्हणतो आणि ‘त्याने आजारपण पुढे केले’ असेही म्हणतो. क्रियापद तेच, पण पहिल्या वाक्यातला मनुष्य कचेरीकडे निघालेला असतो आणि दुसऱ्या वाक्यातला कचेरी चुकवीत असतो.

फ्रेंच भाषेत हा शब्द आजही बव्हंशी निष्पाप राहिला आहे. तेथे ‘प्रेतांद्र’ म्हणजे दावा करणे, प्रतिपादन करणे. आणि ‘प्रेतांदां’ म्हणजे गादीवर हक्क सांगणारा, किंवा एखाद्या मुलीला मागणी घालणारा. इंग्रजीतही चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला, तो ‘प्रतिपादन करणे’ या अर्थाने. पंधराव्या शतकापासून त्यात खोटेपणाचा वास येऊ लागला. पुढे कित्येक पिढ्या हे दोन्ही अर्थ एकाच घरात राहिले. अठराव्या शतकातसुद्धा निव्वळ ‘प्रिटेन्स’ म्हणजे लबाडीच, असे कायद्याला वाटत नव्हते. १७५७ साली फसवणुकीने माल उकळण्याविरुद्ध इंग्लंडात कायदा झाला, तेव्हा त्यात ‘फॉल्स प्रिटेन्स’ असे म्हणावे लागले. बतावणी खोटी आहे हे निराळे विशेषण लावून सांगावे लागते, याचा अर्थ एरवी ती खरीही असू शकत होती.

जुन्या अर्थाचे अवशेष आजच्या इंग्रजीतही सापडतात. एखादा विद्वान ‘आय डोन्ट प्रिटेंड टु नो’ असे म्हणतो, तेव्हा ‘मला कळते असे ढोंग मी करीत नाही’ असे त्याचे भाषांतर केले तर बिचाऱ्यावर अन्याय होतो. ‘मला कळते असा माझा दावा नाही’, एवढेच त्याला सांगावयाचे असते. तसेच ‘प्रिटेंड टु’ या शब्दांपुढे सिंहासनासारखे नाम आले, तर अर्थ होतो हक्क सांगणे; आणि ‘राजा असणे’ असे क्रियापद आले, तर आजच्या भाषेत अर्थ होतो राजा असल्याचे सोंग करणे. मधल्या दोन अक्षरी अव्ययाच्या पुढे काय येते, यावर माणसाची अब्रू अवलंबून!

निखाऱ्यांचे भांडे

आता इतिहासाकडे वळू. १६८५ साली दुसरा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. तो कॅथलिक होता आणि प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. तरी प्रजेने दम धरला होता. कारण राजाच्या पहिल्या राणीच्या दोन मुली, मेरी आणि ॲन, दोघीही प्रॉटेस्टंट होत्या, आणि दुसरी राणी मेरी ऑफ मॉडेना हिची आधीची सारी मुले लहानपणीच गेली होती. राजा वृद्ध होत चालला होता. आज ना उद्या राज्य थोरल्या मुलीकडे, मेरीकडे, जाणार असा लोकांचा हिशेब होता.

त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे १० जून १६८८ रोजी, रविवारी सकाळी, सेंट जेम्स राजवाड्यात राणीला मुलगा झाला आणि हा सारा हिशेब एका क्षणात कोलमडला. मुलगा म्हणजे वारस आणि वारस म्हणजे कॅथलिक घराणे कायमचे. मग गावात कुजबूज सुरू झाली, की राणी गरोदर नव्हतीच. कोणा दुसरीचे मूल दालनात चोरून आणले. कसे आणले? थंडीच्या मुलखात बिछाना गरम करण्यासाठी लांब दांड्याचे, झाकण असलेले निखाऱ्यांचे भांडे वापरीत. त्या भांड्यात घालून आणले!

बाळंतिणीच्या दालनात त्या वेळी माणसांची दाटी होती. राजघराण्यातला जन्म म्हणजे साक्षीदारांसमोर व्हावयाची गोष्ट. पण नेमके जे असावयास हवे होते ते नव्हते. धाकटी राजकन्या ॲन हवापालटासाठी बाथला गेली होती. कँटरबरीचे आर्चबिशप दोनच दिवसांपूर्वी राजाच्या हुकुमाने लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाले होते. जे हजर होते त्यांत कॅथलिकांचा भरणा फार; आणि त्यांच्या शब्दावर प्रॉटेस्टंट प्रजा विश्वास ठेवीना. बाथहून परतलेली ॲन आपल्या बहिणीला हॉलंडला पत्रे लिहीत होती, त्यांत तिनेही संशयच व्यक्त केला.

अखेर २२ ऑक्टोबर रोजी राजाने खास मंडळ बोलावले आणि चाळीसहून अधिक माणसांच्या साक्षी घेतल्या. त्यांत त्याची विधवा भावजय, मागल्या राजाची राणी, होती. सरदार होते, वैद्य होते, दाया होत्या. जन्माच्या वेळच्या अशा तपशिलांची चर्चा झाली, की ज्या गोष्टी एरवी माजघराबाहेर जात नाहीत. त्या साक्षी छापून प्रसिद्धही केल्या. परंतु ज्याला विश्वास ठेवावयाचा नसतो, त्याला पुरावा हाच नवा संशय वाटतो. खरे असते तर एवढ्या साक्षी कशाला घेतल्या असत्या, असे लोक म्हणू लागले.

कर्मणी आणि कर्तरी

राजाचा जावई, म्हणजे थोरल्या मेरीचा नवरा विल्यम ऑफ ऑरेंज, हॉलंडात सैन्य जमवीत होता. निघण्यापूर्वी त्याने एक जाहीरनामा काढला. त्यात या तान्ह्या मुलाचा उल्लेख ‘प्रिटेंडेड प्रिन्स ऑफ वेल्स’ असा आहे. म्हणजे युवराज म्हणून पुढे केलेला. स्वतंत्र पार्लमेंट भरवून या जन्माची चौकशी करविण्याची भाषाही त्या जाहीरनाम्यात होती.

येथे व्याकरणाकडे लक्ष द्यावे. ‘प्रिटेंडेड’ हे रूप कर्मणी आहे. पाळण्यातले मूल स्वतः काय दावा करणार? दावा करणारे दुसरेच. मूल हे त्या क्रियेचे कर्म. दोष असेल तर तो आईबापांचा.

५ नोव्हेंबर १६८८ रोजी विल्यम टोरबेला उतरला. डिसेंबरात राणी तान्ह्या मुलाला घेऊन फ्रान्सला निसटली आणि मागोमाग राजाही गेला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांना सां-जर्मेंचा वाडा राहावयास दिला. १६८९ साली लंडनला पार्लमेंट भरले. राजाने राज्य सोडले असे त्याने ठरविले आणि विल्यम व मेरी यांना गादीवर बसविले. जन्माची ती चौकशी मात्र कधीच झाली नाही. कारण ती करण्यात कोणाचाच लाभ नव्हता. मुलगा खरा ठरला असता तर मोठीच पंचाईत! पुढे १६९२ साली त्याच राणीला फ्रान्समध्ये मुलगी झाली. राणीला मूल होणे शक्यच नाही, या म्हणण्यातली हवा तेव्हाच गेली होती. हा मुलगा खरोखर राजाराणीचाच होता, याबद्दल आजच्या इतिहासकारांत वाद उरलेला नाही.

१७०१ च्या सप्टेंबरात जुना राजा वारला. लुईने तेरा वर्षांच्या मुलाला तिसरा जेम्स म्हणून मान्यता दिली. इंग्लंडात संताप उसळला, आणि १७०२ साली पार्लमेंटने एक शपथ सक्तीची केली. सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, शिक्षक अशांनी ती घ्यावयाची होती. त्या शपथेच्या मजकुरात या मुलाचे वर्णन दोन टप्प्यांत येते. बाप जिवंत असेतो तो युवराज म्हणून ‘प्रिटेंडेड’. आणि बाप वारल्यानंतर तो स्वतः राजाची पदवी धारण करून ‘प्रिटेंडिंग’. कायदा लिहिणाऱ्या कारकुनाने शब्द एकच ठेवला, प्रत्यय मात्र बदलला. कर्मणीचे कर्तरी झाले. काल ज्याच्या बाबतीत दुसऱ्यांनी काही केले होते, तो आज स्वतः करणारा ठरला. तेरा वर्षांच्या पोरक्या मुलाच्या पदरात त्या एका प्रत्ययाने सारा अपराध पडला. चौकशी नाही, पंच नाहीत, निकाल नाही. केवळ प्रयोग बदलला.

एकोणिसाव्या वर्षीचे बारसे

विल्यमनंतर १७०२ साली ॲन राणी झाली. हीच ती बाथला गेलेली बहीण. तिच्या नशिबी सतरा गरोदरपणे आली. एक मुलगा काय तो वाढला, आणि तोही १७०० साली अकराव्या वर्षी गेला. १७०१ च्या कायद्याने कॅथलिकांना गादी बंद केली होती आणि वारसा जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे वळविला होता. समुद्रापलीकडे तिचा सावत्र भाऊ वाढत होता.

१७०८ च्या मार्चमध्ये तो भाऊ फ्रेंच आरमारासह डंकर्कहून स्कॉटलंडकडे निघाला. निघतेवेळीच बिचाऱ्याला गोवर आला होता. इंग्रज आरमार पाठीवर येताच फ्रेंच सेनापतीने त्याला किनाऱ्यावर उतरूच दिले नाही. स्वारी फसली. पण त्या प्रसंगी ॲन राणीने पार्लमेंटपुढे भाषण केले आणि त्यात भावाला एक नवेच नाव दिले, ‘द प्रिटेंडर’. त्या काळचा इतिहासकार बिशप बर्नेट याने या नव्या नावाची मुद्दाम नोंद केली आहे. राणीला आलेल्या मानपत्रांतही मग तेच नाव वापरले जाऊ लागले.

आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. येथे बहिणीने एकोणिसाव्या वर्षी भावाचे बारसे केले. नाव ठेवले आणि नावे ठेवली, ही दोन्ही कामे एकाच शब्दात उरकली!

व्याकरणदृष्ट्या हा शेवटचा आणि सर्वांत परिणामकारक टप्पा. क्रियापदाचे आता नाम झाले. क्रियापद असेपर्यंत ‘काय पुढे केले’ हे सांगावे लागते. नामाला ती गरज उरत नाही. ‘प्रिटेंडर’ म्हटले की संपले. कशाचा दावा, खरा की खोटा, कोणापुढे, हे सारे प्रश्न त्या नामाच्या पोटात गडप होतात. मला वाटते, राणीच्या दृष्टीने या शब्दाची सोयही हीच होती. ज्यांचा निखाऱ्यांच्या भांड्यावर विश्वास होता त्यांना त्यात ‘तोतया’ ऐकू येई. ज्यांचा नव्हता त्यांना नुसता ‘दावेदार’ ऐकू येई. हा माझा भाऊ नव्हे, असे राणीला उघड म्हणावे लागले नाही. आणि भाऊ आहे असे तर मुळीच म्हणावे लागले नाही.

विरोधकांनाही शब्दांची कसरत करावी लागे. त्याचे पक्षपाती भोजनाच्या वेळी राजाचे नाव घेऊन प्याला उचलीत, तेव्हा तो पाण्याच्या भांड्यावरून फिरवीत. अर्थ असा, की राजा म्हणजे पाण्यापलीकडचा राजा! ज्यांना कोणत्याच पक्षात पडावयाचे नसे, ते त्याला ‘शेव्हेलिए द सां जॉर्ज’ अशा बिनधोक फ्रेंच पदवीने संबोधीत.

थोरला आणि धाकटा

१७१४ साली ॲन वारली आणि हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी स्कॉटलंडात बंड झाले. जेम्स डिसेंबरात तेथे पोहोचला तोवर डाव हातचा गेला होता. फेब्रुवारी १७१६ मध्ये तो परत गेला तो कायमचा. पुढचे आयुष्य त्याने रोममध्ये, पोपने दिलेल्या वाड्यात काढले.

त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड मोठा उमेदीचा. १७४५ च्या उन्हाळ्यात तो मोजक्या माणसांनिशी स्कॉटलंडच्या बेटांवर उतरला. महिन्याभरात त्याने निशाण उभारले, सप्टेंबरात एडिंबरो घेतले आणि डिसेंबरात लंडनच्या वाटेवर डर्बीपर्यंत मजल मारली. तेथून मात्र सरदारांनी माघार घ्यावयास लावले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभरात सारे संपले. गंमत अशी, की हा ‘यंग प्रिटेंडर’ त्या वेळी स्वतःसाठी गादी मागतच नव्हता. निशाण उभारले ते बापाच्या नावाने. स्वतः तो केवळ बापाचा कारभारी म्हणवीत होता.

त्याने खरेखुरे सोंग घेतले ते पराभवानंतर. त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचे बक्षीस लागले होते. फ्लोरा मॅक्डोनल्ड नावाच्या तरुणीने त्याला ‘बेटी बर्क’ नावाच्या आयरिश मोलकरणीचा वेष दिला आणि होडीतून स्काय बेटावर नेले. झगा घातलेला हा उंच राजपुत्र चालताना फार लांब ढांगा टाकीत असे, असे सांगतात. म्हणजे ज्याला साऱ्या युरोपने सोंगाड्या ठरविले, त्याला सोंग काही नीट वठविता आले नाही! पण डोंगराळ मुलखातल्या दरिद्री माणसांपैकी कोणीही त्या बक्षिसाला भुलले नाही, आणि तो सुखरूप फ्रान्सला गेला.

आमचा तोतया

मराठी वाचकाला ‘तोतया’ म्हटले की पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले. पण ते जिवंत आहेत ही आशा पुष्कळांच्या मनातून जाईना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. या आशेच्या आधारावर सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून वावरू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला उचलून धरले आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या स्वाधीन होऊ लागले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि पुण्यास आणून त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने ही कथा घरोघरी पोहोचविली.

अशी माणसे इंग्लंडातही झाली. १४८७ साली लँबर्ट सिम्नेल नावाच्या पोराला राजवंशातला म्हणून डब्लिनमध्ये राज्याभिषेक झाला. सातव्या हेन्रीने त्याला पकडले आणि मारण्याऐवजी मुदपाकखान्यात मांसाचे गज फिरविण्याच्या कामाला लावले. त्यानंतर आलेल्या पर्किन वॉरबेकला मात्र १४९९ साली फासावर चढविले. इंग्रजी इतिहासग्रंथ सिम्नेललाही ‘प्रिटेंडर’च म्हणतात आणि जेम्सलाही. एक दुसऱ्याचे नाव सांगत होता, दुसरा स्वतःचेच सांगत होता. हा भेद त्या शब्दात उमटत नाही.

मराठीत तो उमटतो. सुखनिधान तोतया, जेम्स दावेदार. आपल्या भाषेने ही खाती मोठ्या काटेकोरपणे निरनिराळी ठेवली आहेत. बहुरूप्याने घ्यावे ते सोंग. ते सोंग आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्यात पाप नाही. भोंदूने करावे ते ढोंग. त्यात बघणारा फसतो. शूर नसून शौर्याचा आव आणावा, काम टाळण्यासाठी सबब पुढे करावी, तमाशात बतावणी रंगवावी. इंग्रजी ‘प्रिटेंड’ या साऱ्यांवर एकच छाप मारतो.

मुलांच्या खेळातला ‘प्रिटेंड’ तर या शब्दाचे सर्वांत धाकटे अपत्य. तो अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. लुई कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकातली ॲलिस सारखी ‘अमुक आहे असे समजू या’ म्हणत असते, ती याच क्रियापदाने. आपल्याकडे त्याला लुटुपुटू म्हणतात. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर चित्रातले मावळे उभे राहतात, ती लढाई लुटुपुटूची. तिथल्या सिंहासनावर कोणाचाही दावा नसतो आणि म्हणून कोणी तोतयाही नसतो.

जेम्स १ जानेवारी १७६६ रोजी रोममध्ये वारला. तोवर तो चौसष्ट वर्षे स्वतःला राजा म्हणवीत होता, आणि त्यांतला एक दिवसही त्याने राज्य केले नव्हते. चार्ल्स १७८८ साली गेला. धाकटा मुलगा हेन्री कार्डिनल झाला होता. उतारवयात तो विपन्न झाला, तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने, म्हणजे ज्या घराण्याने गादी घेतली त्याच घराण्याच्या राजाने, त्याला सालिना चार हजार पौंडांचे वेतन बांधून दिले. १८०७ साली तोही वारला आणि ती शाखा खुंटली.

रोमच्या सेंट पीटर देवळात कानोव्हाने घडविलेले या तिघांचे संगमरवरी स्मारक आहे. ते १८१९ साली पुरे झाले आणि त्याच्या खर्चाला हॅनोव्हर घराण्यातूनही हातभार लागला. त्यावर लॅटिनमध्ये थोरल्याचे नाव कोरले आहे ते ‘तिसरा जेम्स, दुसऱ्या जेम्सचा पुत्र’ असे. निखाऱ्यांच्या भांड्याची कथा ज्या एका गोष्टीसाठी रचली गेली, ती पुत्रत्वाची गोष्ट तेथे दगडावर सरळ लिहिलेली आहे. गादीचा वाद संपल्यावर मुलगा बापाचा म्हणावयास कोणाचीच हरकत उरली नव्हती.

म्हणून मराठीत या बापलेकांविषयी लिहिताना ‘थोरला दावेदार’ आणि ‘धाकटा दावेदार’ असेच लिहावे. त्यांचा दावा मान्य करा अगर करू नका, तो प्रश्न निराळा. पण ज्याची चौकशी करण्याचे कबूल करूनही ती कोणी केली नाही, त्याला तोतया म्हणण्याचा अधिकार भाषांतरकाराला तरी कोणी दिला?